ओपीडीची तारीख आणि ल्युपस: कुर्डुवाडीहून पुण्याला येणाऱ्या एका रुग्णाचे प्रकरण

मी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. पुढचे प्रकरण रुग्ण आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, कुटुंबाचे काही तपशील आणि तारखा बदलल्या आहेत. औषधांचे उल्लेख या एका रुग्णापुरते आहेत; ते वाचून कोणी स्वतःची गोळी कमी-जास्त करू नये.

हे प्रकरण निवडण्यामागे एक कारण आहे. ल्युपससारख्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात औषध कोणते द्यायचे यावर भरपूर विचार होतो. रुग्णाने पुन्हा कधी यायचे, कसे यायचे आणि आल्यावर त्या दिवसात काय काय उरकायचे, याचा विचार मात्र कोणीच करत नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात "१ महिन्याने" एवढे लिहिले जाते, आणि पुढचे सगळे रुग्णाच्या माथी येते. माझ्या मते ती तारीखही उपचाराचाच भाग आहे. ती नीट ठरली नाही तर काय होते आणि नीट ठरवली तर काय होते, हे दोन्ही या एकाच घरात पाहायला मिळाले.

पार्श्वभूमी

रेखाताई ३३ वर्षांच्या. माढा तालुक्यात कुर्डुवाडीजवळ गाव. नवरा गळीत हंगामात कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो, एरवी मिळेल ते काम करतो. मुलगी सहावीत, घरी सासूबाई. रेखाताई घरीच ब्लाउज शिवून देतात, म्हणजे बोटे चालली तर घरात चार पैसे येतात.

बोटे सुजायला लागली तेव्हा गावात सगळ्यांनी "वात आहे" म्हणून सोडून दिले. त्यात त्यांचा दोष नाही. याच पुणे-सोलापूर मार्गावरच्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने सांध्यांच्या आजारांची कॉपकॉर्ड नावाची पाहणी सुरू केली. ग्रामीण भागात सांधे-स्नायूंचे दुखणे ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे, हे त्या पाहणीतून पुढे आले. जिथे शेतात राबणाऱ्या प्रत्येकीचे हातपाय दुखतात, तिथे एकीचे दुखणे वेगळे आहे हे ओळखायला वेळ लागतो. रेखाताईंच्या बाबतीत तो लागला. पुढे केस मूठ-मूठ गळू लागले, तोंडात फोड यायला लागले, उन्हातून आले की नाकाच्या दोन्ही बाजूंनी गाल लाल व्हायचे. बार्शीच्या एका फिजिशियनने एएनए आणि अँटी-डीएसडीएनए या ल्युपस ओळखायच्या रक्ततपासण्या करून घेतल्या आणि पुण्याला पाठवले. २०२१ मध्ये निदान झाले: सिस्टिमिक ल्युपस.

या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो ऐन उमेदीच्या वयात गाठतो. सांधे, त्वचा, रक्त, फुप्फुसाभोवतीचे आवरण यांपैकी काहीही त्यात सापडू शकते. या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते मूत्रपिंड, कारण मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही. रुग्णाला बरे वाटत असतानाच आजार वाढत असतो.

सुरुवातीचे उपचार नेहमीचे होते. ल्युपस आटोक्यात ठेवणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, कॅल्शियम, उन्हापासून जपणे, आणि दर महिन्याला पुणे.

अडचण

कागदावर अडचण अशी होती: "रुग्ण नियमित येत नाही." केसपेपरवर एका निवासी डॉक्टरांनी हे वाक्य लिहिले होते, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने तिथूनच बोलायला सुरुवात केली. रेखाताई समोर बसायच्या आणि पहिला प्रश्न यायचा, "मागच्या वेळी का आला नाहीत?" त्या मान खाली घालायच्या. मग "कसं वाटतंय?" आणि त्यांचे उत्तर ठरलेले, "बरं आहे." पाच-सहा मिनिटांत संपणाऱ्या त्या भेटीतली निम्मी अशीच जायची.

प्रत्यक्षात काय होत होते ते त्यांच्याबरोबर बसून एक-एक फेरी उलगडली तेव्हा कळले.

आमच्याकडे संधिवाताची ओपीडी मंगळवारी, मूत्रपिंडाची गुरुवारी. केसपेपरची खिडकी अकराला बंद. हुतात्मा एक्स्प्रेस कुर्डुवाडीहून सकाळी निघते आणि पुण्याला साडेदहाच्या आसपास पोहोचते. स्टेशनवरून रिक्षा करून खिडकीशी येईपर्यंत अकरा वाजलेले असत. म्हणून त्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येत. ती पुण्याला पहाटे अडीच-तीनच्या सुमारास येते. नवरा-बायको उजाडेपर्यंत फलाटावर बसत, मग पहिल्या बसने रुग्णालयात येत. झोप न झालेली, सांधे आखडलेले, आणि वर दोन-तीन तास रांगेत उभे राहणे. रांगेचा एक भाग पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात जायचा, आणि ऊन हेच ल्युपस चेतवणारे एक मोठे कारण. रांगेत छत्री उघडली की मागचे लोक कुरकुर करत, म्हणून त्या पदर डोक्यावर ओढून उभ्या राहायच्या.

याहून मोठी अडचण तपासण्यांची. डॉक्टर मंगळवारी तपासून रक्त-लघवीची चिठ्ठी देत. नमुना त्याच दिवशी दिला जाई. आजार किती चेतला आहे ते सांगणाऱ्या सी३, सी४ आणि अँटी-डीएसडीएनए या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागत. म्हणजे ज्या दिवशी रुग्ण डॉक्टरांसमोर असे त्या दिवशी रिपोर्ट नसत, आणि रिपोर्ट येत तेव्हा रुग्ण दोनशे किलोमीटरवर असे. "रिपोर्ट घेऊन या" म्हणजे आणखी एक फेरी, आणखी एक बुडालेला रोज. बहुतेक वेळा ते रिपोर्ट पुढच्या महिन्यात, म्हणजे शिळे झाल्यावर पाहिले जात. महिन्याला एक भेट होत होती खरी, पण तिच्यात निर्णय घेण्याजोगे हाती काही नसायचे.

२०२२ च्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टर सोडून यायचे तर दिवसाची मजुरी जाते आणि टोळीचा मुकादमही चिडतो. नोव्हेंबरची तारीख चुकली. नवीन तारखेसाठी फोन केला तर सात आठवड्यांनंतरचा मंगळवार मिळाला. घरात गोळ्या मात्र तीन आठवड्यांच्याच होत्या. गावातल्या मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइड द्यायला नकार दिला, आणि ते त्याने बरोबरच केले. मग रेखाताईंनी कोणत्याही गृहिणीने केले असते तेच केले. "मॅडम, पुरवून पुरवून खाल्ल्या. एकाआड एक."

संक्रांतीच्या आसपास सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसू लागली. लघवीला फेस येत होता. सासूबाईंना वाटले, हळदीकुंकवाच्या धावपळीत जागरण झाले. जानेवारी २०२३ मध्ये त्या आल्या तेव्हा रक्तदाब १६०/१०० होता आणि लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून किती प्रथिने जातात याचे माप, २.८. ते ०.५ च्या वर गेले की मूत्रपिंडाच्या बायोप्सीचा (बारीक तुकडा काढून तपासण्याचा) विचार करतात. आदल्या उन्हाळ्यातल्या रिपोर्टमध्ये हेच गुणोत्तर ०.४ होते, म्हणजे उंबरठ्यावरच. तो रिपोर्ट फाइलमध्ये होता. तो आला तेव्हा रुग्ण समोर नव्हती, आणि रुग्ण समोर आली तेव्हा तो पाने उलटून कोणी शोधला नाही.

बायोप्सीत चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसमुळे मूत्रपिंडाला आलेली गंभीर सूज, निघाली. दाखल करून तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिले, प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट सुरू केले, रक्तदाबाच्या आणि प्रथिने कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जोडून बिलाचा मोठा भाग निर्धन रुग्ण निधीतून भागवता आला. धर्मादाय रुग्णालयांनी बिलाच्या रकमेचे २ टक्के या निधीसाठी बाजूला काढायचे असतात आणि १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी ठेवायच्या असतात, हे अजूनही अनेक कुटुंबांना माहीत नसते. सरकारी आणि धर्मादाय योजनांचा भर मात्र दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. घरी गेल्यावर महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्या, लॅबचा खर्च आणि प्रवास यांना त्यात जागा नसते, आणि हे घर अडखळत होते ते तिथेच.

समोर कोणते पर्याय होते

डिस्चार्जच्या आधी संधिवाततज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ, मी आणि घरचे असे एकत्र बसलो. असे बसणे सहसा होत नाही. मूत्रपिंडतज्ज्ञांनी "या वेळी तारीख चुकली तर किडनी जाईल" असे स्पष्ट सांगितल्यामुळे ते झाले.

पहिला पर्याय होता तसेच चालू ठेवण्याचा: दर महिन्याला दोन वेगळ्या वारी दोन ओपीडी. नवीन औषध सुरू केल्यावर रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वारंवार पाहावे लागते, म्हणून डॉक्टरांचा सुरुवातीचा कल याकडेच होता. पण रेखाताईंच्या नवऱ्याने सरळ सांगितले, "मॅडम, मी हो म्हणीन, पण जमणार नाही." ते वाक्य माझ्या लेखी त्या बैठकीतले सर्वांत उपयोगी वाक्य होते. ओपीडीत सगळे हो म्हणतात, म्हणून कोणती योजना चालणार नाही हे आधी कळतच नाही.

दुसरा पर्याय घरच्यांना सर्वांत आवडलेला. सोलापूरला महिन्यातून एक दिवस बाहेरून संधिवाततज्ज्ञ येतात असे त्यांना कळले होते. कुर्डुवाडीहून सोलापूर जवळ, सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. पूर्णपणे तिकडेच जावे का? यावर बराच वेळ गेला. बाजूने खूप काही होते: प्रवास निम्म्याहून कमी, रात्र फलाटावर काढायला नको, नवऱ्याचा अर्धाच दिवस बुडणार. विरोधात दोन गोष्टी होत्या. पहिले सहा महिने मूत्रपिंडतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकाच फाइलवर, एकमेकांशी बोलून औषधे बदलणे गरजेचे होते. आणि महिन्यातून एकच दिवस येणारे डॉक्टर एखाद्या महिन्यात आले नाहीत तर मधली सोय काहीच नव्हती. घरच्यांनी विचारले, "मग कायमचं पुणेच का?" उत्तर दिले गेले: नाही, एका वर्षाने हा पर्याय पुन्हा काढू. तसे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतले. एखादा पर्याय बाजूला ठेवताना तो कधी परत तपासणार हे लिहून ठेवले की नाकारल्याची भावना राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसरा पर्याय फोनवर किंवा व्हिडिओवर तपासणीचा. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच आजारासाठी प्रत्यक्ष भेट होऊन सहा महिने झाले नसतील तर डॉक्टर पाठपुरावा म्हणून दूरस्थ सल्ला देऊ शकतात आणि चालू औषधे पुन्हा लिहून देऊ शकतात. म्हणजे तारीख चुकली तरी गोळ्या संपण्याचे कारण उरत नाही. पण पायावरची सूज दाबून पाहणे, सांधे चाचपणे, रक्तदाब नीट मोजणे फोनवर होत नाही. नुसत्या फोनवर हा आजार सोपवायला कोणीच तयार नव्हते.

चौथा पर्याय वाटून घेण्याचा: दर महिन्याची देखरेख गावाजवळ, निर्णय पुण्यात. यातला धोका बार्शीच्या फिजिशियनांनीच फोनवर बोलून दाखवला: "दोन डॉक्टर असले की दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय." तो खरा होता. तरी हाच पर्याय निवडला, आणि आधी हा धोका कसा बुजवायचा ते ठरवले.

काय केले

सगळ्यात आधी एक पान तयार केले. एकच, मराठीत, दोन्ही डॉक्टरांच्या सहीचे. त्यात कोण काय ठरवणार ते लिहिले: मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइडचा डोस फक्त पुणे बदलणार, रक्तदाबाच्या गोळीत बार्शीचे डॉक्टर बदल करणार आणि त्याच दिवशी पुण्याला कळवणार, सर्दी-खोकला, जुलाब बार्शीला दाखवायचे, पण अँटिबायोटिक लिहिण्याआधी त्या डॉक्टरांनी चालू औषधांची यादी पाहायची. खाली ठळक अक्षरांत: स्टिरॉइडची गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि एकाआड एक घ्यायची नाही. अनेक महिने रोज स्टिरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची ते बनवण्याची सवय मोडलेली असते. गोळी एकाएकी थांबली तर आजार उसळतोच, शिवाय रक्तदाब कोसळून जीवही धोक्यात येऊ शकतो.

मग तपासण्यांचा क्रम उलटवला. भेटीच्या आठ-दहा दिवस आधी कुर्डुवाडीच्या लॅबमध्ये रक्त आणि सकाळची पहिली लघवी द्यायची. रिपोर्टचा फोटो माझ्या कार्यालयाच्या फोनवर यायचा आणि त्याचा छापील कागद फाइलच्या सर्वांत वर लागायचा. ऐकायला किरकोळ वाटते, पण संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त फरक या एका बदलाने पडला. सुरुवातीला एक घोळ झाला. लॅबने लघवीत पट्टी बुडवून "प्रथिने ++" असा रिपोर्ट पाठवला, गुणोत्तर काढलेच नव्हते. पट्टीवरचे अधिक चिन्ह लघवी किती दाट आहे त्यावरही अवलंबून असते, त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना करता येत नाही. मग चिठ्ठीवर तपासणीचे नाव पूर्ण लिहून दिले आणि लॅबवाल्यांशी बोलून घेतले. दर वेळी एकाच लॅबमध्ये जायचे हेही ठरले.

तिसरे, दोन ओपीडी एका दिवसात. मूत्रपिंडतज्ज्ञांनी मंगळवारी दुपारी वॉर्डची फेरी संपवून या रुग्णाला पाहायचे मान्य केले. केसपेपर आदल्या दिवशीच काढून ठेवण्याची परवानगी वैद्यकीय अधीक्षकांकडून मिळवली. त्यामुळे सकाळच्या हुतात्माने येऊन संध्याकाळी सहाच्या हुतात्माने परत जाता येऊ लागले आणि फलाटावरची रात्र संपली. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा जागा नसेल त्या दिवशी बसचाही पर्याय परवडू लागला.

डोळ्यांची तपासणी मात्र मुद्दाम वेगळी ठेवली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेताना दृष्टिपटलावर परिणाम होऊ शकतो, म्हणून पहिल्या वर्षात एक पायाभूत तपासणी आणि साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करतात. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर दरवर्षीची तपासणी आधीच सुरू करावी लागते. रेखाताईंची पहिली तपासणीसुद्धा राहून गेली होती. डोळ्यांत थेंब घातले की काही तास धूसर दिसते. त्या अवस्थेत गर्दीच्या गाडीत चढण्यापेक्षा ही तपासणी बार्शीला केली आणि अहवाल फाइलला लावला. याच निमित्ताने वजन पुन्हा पाहिले गेले: ४२ किलो. या औषधाची मर्यादा दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्यांच्यासाठी जेमतेम २१०. मधल्या काळात वजन उतरले होते आणि गोळी ४०० ची चालू होती. ती २०० केली.

आणि शेवटी वही. मुलीने शाळेच्या वहीची मागची पाने फाडून त्यांवर रकाने आखले: तारीख, वजन, बीपी, पाय सुजले का, चुकलेली गोळी. शेवटच्या रकान्याला तिने "आईला विचारायचे आहे" असे नाव दिले होते. बीपी मोजायला गावच्या आशाताई आठवड्यातून एकदा येऊ लागल्या. पहिल्या भेटीला रेखाताईंनी ते पान डॉक्टरांसमोर ठेवले. त्यात एका गुरुवारपुढे लिहिले होते, "संध्याकाळची गोळी नाही, उलटी." डॉक्टरांनी विचारले, "कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "बरं आहे." डॉक्टरांनी पानाकडे बोट दाखवले, "मग ही उलटी?" तिथून पुढे दहा मिनिटे बोलणे झाले. मायकोफेनोलेटने पोटात ढवळते, म्हणून त्या संध्याकाळचा डोस अधूनमधून टाळत होत्या, हे तेव्हा कळले. डोस लहान भागांत विभागून जेवणानंतर दिला आणि तक्रार आटोक्यात आली. हे त्या आपणहून कधीच बोलल्या नसत्या. डॉक्टरांना नाराज करायचे नाही, ही आपल्याकडच्या रुग्णांची सवय फार खोल आहे.

निर्णयाचे दोन प्रसंग

पहिला मे २०२३ मध्ये आला. घरात लग्न होते आणि पुण्याची तारीख हळदीच्या दिवशी. आधीच्या पद्धतीत ही तारीख चुकली असती आणि पुढची दीड-दोन महिन्यांनी मिळाली असती. या वेळी नवऱ्याचा दहा दिवस आधी फोन आला. रिपोर्ट आलेले होते, गुणोत्तर १.४ वर उतरले होते, बीपी ठीक. संधिवाततज्ज्ञांनी व्हिडिओवर पाहिले, गोळ्या तीन आठवड्यांसाठी पुन्हा लिहून दिल्या आणि प्रत्यक्ष भेट पुढे ढकलली. चुकलेली तारीख आणि पुढे ढकललेली तारीख यांत रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात गोळ्या संपत नाहीत आणि पुढच्या वेळी मान खाली घालून बसावे लागत नाही.

दुसरा ऑगस्टमध्ये. रात्री १०१ ताप. पानावर "लगेच कळवा" अशी यादी होती: १००.४ च्या वर ताप, धाप, स्टिरॉइडची गोळी उलटून पडणे, एकाएकी सूज, घरात कोणाला कांजिण्या. सासूबाईंचे म्हणणे होते की एक क्रोसिन द्यावी आणि सकाळी बघावे. मुलीने पान वाचून दाखवले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ताप हा साधा ताप धरता येत नाही. रातोरात बार्शीला नेले, मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, दोन दिवस दाखल राहावे लागले. बार्शीच्या डॉक्टरांनी पुण्याला फोन करून मायकोफेनोलेट काही दिवस थांबवले आणि स्टिरॉइड चालूच ठेवले. "कोण काय ठरवणार" या पानाची खरी परीक्षा त्या रात्री झाली.

परिणाम

वर्षभरात गुणोत्तर २.८ वरून ०.६ वर आले. बारा महिन्यांत ०.५ ते ०.७ च्या खाली येणे हे चांगल्या प्रतिसादाचे लक्षण मानतात. क्रिएटिनिन स्थिर राहिले, प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर आले. पुण्याच्या फेऱ्या आधी महिन्याला एक, मग दीड महिन्याला, आणि २०२४ पासून तीन महिन्यांतून एक झाल्या. एकही तारीख न कळवता चुकली नाही. "नियमित येत नाही" या जुन्या नोंदीखाली संधिवाततज्ज्ञांनी स्वतः कारणांसह नवीन नोंद लिहिली.

सगळेच चांगले झाले असे नाही. स्टिरॉइडमुळे गालफडे सुजली, तोंड गोल झाले. लग्नकार्यात बायका विचारतात, "बाई, बाळसं धरलं का?" आणि रेखाताई त्या दिवशी घरी येऊन जेवत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत, शिवणकाम निम्म्यावर आले आहे. लॅबचा आणि गोळ्यांचा खर्च अजून खिशातूनच होतो. काही गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, मायकोफेनोलेट तिथे दर वेळी मिळतेच असे नाही.

काय वेगळे करता आले असते

उन्हाळ्यातला तो ०.४ चा रिपोर्ट. रुग्ण समोर नसताना आलेला प्रत्येक रिपोर्ट कोणीतरी त्या आठवड्यात पाहिलाच पाहिजे, आणि ते कोणी पाहायचे हे नावानिशी ठरलेले हवे. आज आमच्या ओपीडीत ही जबाबदारी एका निवासी डॉक्टरांकडे शुक्रवारी दुपारी असते. ही सोय २०२२ मध्ये असती तर लघवीची तपासणी महिन्याने पुन्हा झाली असती आणि आजार बहुधा सूज येण्याआधी पकडला गेला असता.

सात आठवड्यांनंतरची तारीख देताना "गोळ्या किती दिवसांच्या आहेत?" एवढा एकच प्रश्न खिडकीवरच्या माणसाने विचारायला हवा होता. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. आता तो प्रश्न नोंदवहीच्या रकान्यात छापला आहे. शिल्लक गोळ्या पुढच्या तारखेपर्यंत पुरत नसतील तर फोन डॉक्टरांकडे जोडायचा.

वजनाप्रमाणे डोस प्रत्येक भेटीला तपासणे आणि डोळ्यांची पायाभूत तपासणी पहिल्याच वर्षी करणे, यावर वाद नाहीच.

एका गोष्टीबद्दल मात्र आमच्यात अजून एकमत नाही. मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत आहे की बार्शीच्या डॉक्टरांना निदानाच्या दिवसापासून, २०२१ पासूनच, जोडून घ्यायला हवे होते. संधिवाततज्ज्ञांना वाटते की सुरुवातीलाच उपचार वाटून घेतले तर निदान आणि औषधांचा मेळ बसायच्या आत गोंधळ होतो. मला पहिले मत पटते. बायोप्सीनंतर बार्शीत काही नवीन उभे राहिले नाही. तोच दवाखाना, तोच फोन आधीही होता. फक्त विचारले गेले नव्हते.

सध्याची स्थिती

ठरल्याप्रमाणे एका वर्षाने सोलापूरचा पर्याय पुन्हा काढला. तिथल्या डॉक्टरांना फाइल दाखवली, दोन भेटी झाल्या, पण रेखाताईंनीच पुणे चालू ठेवायचे ठरवले. तीन महिन्यांतून एक फेरी आता त्यांना जड वाटत नाही आणि दोन्ही तज्ज्ञ एका दिवसात भेटतात.

मागच्या भेटीत मुलीच्या त्या शेवटच्या रकान्यात एक नवा प्रश्न होता, या वेळी रेखाताईंच्या स्वतःच्या अक्षरात: दुसरे मूल होऊ द्यावे का. मायकोफेनोलेट पोटातल्या बाळाला घातक आहे, त्यामुळे ते चालू असेपर्यंत पाळणा लांबवणे अटळ. दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते थांबवून अझाथायोप्रिनसारख्या चालणाऱ्या औषधावर यावे लागते, रक्तदाबाच्याही काही गोळ्या बदलाव्या लागतात, आणि आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो. संधिवाततज्ज्ञांनी नाही म्हटले नाही. पुढच्या मंगळवारी स्त्रीरोगतज्ज्ञही दुपारी हजर राहणार आहेत, आणि या वेळी सासूबाईही येणार आहेत.